पाठ लागली का?

सांगली,
भाद्रपद वद्य प्रतिपदा, सोमवार, ता. ८ सप्टेंबर २०२५

चि. बिराप्पा यास धनपाल वस्तादाचे मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र, म्हणजे तू सांगितलेलं आणि पूजानं लिहिलेलं, मागच्या महिन्यात मिळालं. तुझ्या बहिणीचं अक्षर बघून आमची पद्मावती म्हणाली, "बघा, पोरगी कशी मोत्यावाणी लिहिती. न्हाईतर तुमी! कोंबडी चिखलातनं चालत गेल्यागत." तेव्हा पूजा, वाचताना अडखळलीस तर मला शिव्या दे, पण मधलं काही गाळू नकोस. आई घरात असतील तर त्यांनाही बोलावून बसव. बनुबाईंनी हे ऐकायला पाहिजे.

इकडं सगळं ठीक. नदीचं पाणी तालमीच्या पायरीला लागून परत गेलं. हौद्यात नवी तांबडी माती टाकली, तेल-ताक-हळद घालून पोरांनी मळली. सध्या बारा-तेरा पोरं येतात. त्यातला धुळा बरा आहे, पण आळशी. भिंतीवर मी रंगवून घेतलेलं वाक्य ओलीनं पोपडे धरून निम्मं गळालं. पोरं म्हणाली परत रंगवू, मी म्हटलं राहू दे. म्हैस आटली. पद्मावतीला शुगर निघाली, तरी डब्यातला गूळ कमी होतोच आणि नाव मुंग्यांचं.

तू दोन प्रश्न विचारलेस. पहिला असा, की पिच्चर लागल्यावर थेटरात जाऊन बघा आणि लोकांनी काय केलं ते सगळं कळवा, मोबाईलवरचे तुकडे मला नकोत. दुसरा प्रश्न एका ओळीचा. "वस्ताद, मला पडल्याचं काय आठवत न्हाई. माझी पाठ लागली का?"

पहिल्याचं उत्तर आधी देतो. दुसऱ्याचं शेवटी बघू.

पिच्चर लागला शुक्रवारी, आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वाच्या दुसऱ्या दिवशी. ह्या दहा दिवसांत आम्ही एकदाच जेवायचं, बस्तीत देवासमोर बसायचं, प्रवचन ऐकायचं, आणि हा सत्तरीचा म्हातारा विश्रामबागला 'वादळ्या' बघायला निघालेला. पद्मावती दारात आडवी. "जनाची न्हाई तर मनाची तरी ठेवा. धा दिस दम निघंना व्हय तुमाला?" म्हटलं, बिराचा पिच्चर हाय. मग बाजूला झाली. आतून धुतलेला रुमाल आणून दिला.

थेटराबाहेर तुझं एवढं मोठं चित्र लावलंय, दोन मजली. निळा मुखवटा, निळा अंगरखा, छाती तुझी, दंड तुझे, मांड्या तुझ्या. मी बघताक्षणी ओळखलं. मुखवट्यात कान झाकलेत, नाहीतर तुझे मोडलेले कान बघून सगळ्या सांगलीनं ओळखलं असतं की हा मातीतला आहे. खाली नाव मात्र त्या हिरोचं. चालायचंच. दारावरचा तिकीट फाडणारा मला म्हणाला, "आजोबा, चुकून आलाय का? देवाचा पिच्चर पलीकडं हाय." मी म्हटलं, ह्यात माझा पठ्ठा हाय. "कोण, हिरो?" "हिरोचं अंग." तो हसला. त्याला वाटलं म्हातारं चळलंय.

आता लोकांचं ऐक. हाऊसफुल्ल. निम्मी कॉलेजची पोरं-पोरी, काही निळे मुखवटे घालूनच आलेली. हिरोचं तोंड दिसलं की शिट्ट्या. गाणं लागलं की मुतायला. मधे हिरोची आई मरते, तिथं माझ्या शेजारची बाई हुंदके देत मक्याच्या लाह्या खात होती, दोन्ही एकदम. पहिल्या मारामारीत वादळ्या त्या दांडग्याच्या बगलेत शिरतो आणि ढाक मारून उडवतो, तेव्हा दोन रांगा पुढं एक टकला माणूस ताडकन उठला आणि ओरडला, "आरं ढाक! ढाक हाय ही! ह्यो पैलवान हाय कोणतरी!" मागची पोरं म्हणाली, "ओ काका, बसा खाली." पण बिरा, मला त्या टकल्याला जाऊन मिठी मारावीशी वाटली. चारशे माणसांत एकानं का होईना, तुला ओळखलं.

आणि मग तो पवनचक्कीवरचा सीन. पाटणच्या पठारावरचा, तुझा.

वादळ्या वर पात्याला लटकलेला असतो, पातं निसटतं, तो पडायला लागतो. गाणं बंद, वारा बंद, काही आवाज नाही. सगळं थेटर गपगार. कुणाचा तरी मोबाईल वाजला तर चौघं त्याच्या अंगावर गेले. मग धप्प असा आवाज. मागून एक बाई "आई गंऽऽ" म्हणाली. आणि मग टाळ्या. बिरा, अशा टाळ्या मी फक्त मैदानात ऐकल्यात. तू त्या पंजाबच्या पैलवानाला सातव्या मिनिटाला चीत केलंस तेव्हा झाल्या होत्या तशा. शिट्ट्या, कागदाचे कपटे, पोरं खुर्चीवर उभी. तीन वेळा मी हा पिच्चर बघितला, दोनदा सांगलीत आणि एकदा साताऱ्यात, आणि तिन्ही वेळा सगळ्यात मोठ्या टाळ्या तिथंच. हे तुला खरं खरं सांगतो, आईशप्पथ.

माझ्या डोळ्याला पाणी आलं होतं. शेजारी एक कॉलेजची पोरगी होती, तिनं हळूच माझ्या दंडाला हात लावला. "आजोबा, घाबरू नका. हे सगळं खोटं असतंय. कॉम्प्युटरवर करत्यात." मी म्हटलं, "व्हय बाळ."

झालं. लोकांनी काय केलं ते कळलं. इथं सही करून पाकीट चिकटवावं असा विचार होता. पाकिटावर औंधचा पत्ताही घालून ठेवला होता.

पण तू सांगितलंस की वस्ताद, तुमच्या डोळ्यांनी बघून सांगा. आणि मी तर डोळे मिटून बसलो होतो. तू पडायला लागलास आणि मी मिटले, टाळ्या थांबल्यावर उघडले. जे लिहिलं ते सगळं कानानं ऐकलेलं. रविवारी परत गेलो ते बघायलाच, आणि परत मिटले. पन्नास वर्षं लंगोट लावला, माझ्या वजनाच्या दीडपट माणसाशी लढलो, आणि पडद्यावरच्या चार सेकंदांना घाबरून बसलो.

म्हणून मग गुरुवारी साताऱ्याला गेलो. ठरवलं होतं, तिथं बघायचं आणि तिथून तसंच औंधला येऊन तुझ्या उशाशी बसायचं. सोळा महिन्यांत मी आलो नाही. मिरजेच्या दवाखान्यात पहिले आठ दिवस होतो, त्यानंतर तोंड दाखवलं नाही. पूजाचे फोन आले की मोबाईल उशीखाली घालायचो. तिला सांगायचो, ऐकू येत नाही हल्ली. चांगलं खणखणीत ऐकू येतं मला.

साताऱ्यात गर्दी कमी होती. माझ्या पलीकडं एक सुट्टीवर आलेला फौजी बसला होता, बारीक केस कापलेला, बरोबर बायको. सीन आला. मी खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि बघितलं.

त्यांनी ते लय हळू करून दाखवलंय बिरा. चार सेकंदांचं वीस सेकंद केलंय. तू वरून येतोस, हात पसरलेले, पाठ खाली, अगदी त्या फाईट-मास्तरनं सांगितलं होतं तसा. दोर ताठ आहे. दोर दिसत नाही, पुसून टाकलाय त्यांनी, पण कमरेला अंगरखा ओढला गेलाय त्यावरून मला कळलं, की दोर जागच्या जागी होता, हिसका नाही, ढिला नाही. आणि मग खालची हवेची गादी, तीही त्यांनी पुसलीय, हातभर राहिल्यावर तू वळलास. कंबर फिरवलीस, खांदा खाली घातलास, डोकं मागं टाकलंस, मानेवर पूल घ्यायला, डोकं टेकून पाठ कमानीगत वर उचलतो तो. तालमीत कुणी उचलून आपटायला लागलं की पाठ लागून कुस्ती जाऊ नये म्हणून घेतो ना आपण, तस्सा. डाव एकदम स्वच्छ. मीच शिकवलेला, त्यात खोट कशी असेल?

पूल मातीवर घ्यायचा असतो. हवेच्या गादीवर, तेवढ्या उंचीवरून, मानेखाली धरायला काय असतं?

टाळ्या झाल्या. तो फौजी मात्र वाजवत नव्हता. बायकोला म्हणाला, "असा पडल्यावर माणूस उठत न्हाई गं. मान गेली ह्याची." बायको म्हणाली, "आवं, पिच्चर हाय. त्यो बघा उठला की." आणि खरंच, पडद्यावर धूळ उडते आणि धुळीतून तो हिरो उठतो, मुखवटा काढतो, तोंडाला एक ओरखडा नाही, केस जागच्या जागी. सगळं थेटर उभं राहिलं. तू पडलास आणि तो उठला. लोकांचा काय दोष? त्यांना एकच माणूस दिसला.

मग मी एसटीनं औंधला आलो. हो, आलो होतो. स्टँडवर उतरलो, बाकड्यावर तासभर बसलो. तुमच्या वस्तीची एक बाई पाटी घेऊन समोरून गेली, तिनं विचारलं, "कुणाकडं आलायसा बाबा?" मी म्हटलं, कुणाकडं न्हाई. तीच एसटी परत फिरली तेव्हा तिच्यात बसलो.

आता दुसरा प्रश्न.

तुला पडल्याचं आठवत नाही. त्याच्या आधीचं आठवतं का ते तू लिहिलं नाहीस. देव करो आणि आठवत नसो, असं मी सोळा महिने रोज म्हणत आलो. पण आता मीच सांगतो.

त्या दिवशी फाईट-मास्तरनं तुला तीनदा सांगितलं होतं. पाठीवर पडायचं, पूर्ण पाठ गादीला लागली पाहिजे, हनुवटी छातीला. तू कमी उंचीवरून तीनदा पडून दाखवलंस, तिन्ही वेळा पाठीवर, बरोब्बर. सगळे शाब्बास म्हणत होते. मी खुर्चीत बसून चहा पीत होतो. माझा रुबाब काय विचारतोस! ती सगळी पिच्चरवाली वस्ताद-वस्ताद करत मागं-पुढं फिरत होती. आणि मला ते बघवेना. बारा वर्षं ज्याच्या पाठीला मी माती लागू दिली नाही, तो पोरगा चारचौघांत पाठीवर पडतोय आणि लोक त्याला शाब्बास म्हणतायत. माझ्या पोटात जळलं. काय जळलं ते आजही धड सांगता येत नाही.

वर जायच्या आधी तू माझ्या पायाला हात लावायला आलास. मी काय म्हणालो? सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बिरा, आज पाठ लावलीस तर उद्यापासनं तालमीची पायरी चढू नगंस."

सगळी हसली. फाईट-मास्तर हसला. तू पण हसलास, मी पण हसलो.

थट्टा होती रं. पण दहा वर्षांचा असताना तुझ्या बापानं तुला माझ्या पायरीवर आणून सोडलं, तेव्हापासून माझा एक शब्द तू थट्टेवारी नेला नाहीस. पहाटे तीनला उठ म्हटलं, उठलास. घरी जत्रेला जाऊ नकोस म्हटलं, गेला नाहीस. बाप वारला तेव्हासुद्धा तिसऱ्या दिवशी परत आलास, कारण पुढच्या आठवड्यात मैदान होतं आणि मी निरोप धाडला होता. असल्या पोराशी मी तो वर चढताना थट्टा केली. वर जाताना तुझ्या डोक्यात मास्तरचं बोलणं होतं, आणि गादी हातभर राहिल्यावर माझं आलं.

तू पडल्यावर सगळ्यांच्या आधी मी ओरडलो, "दोराला हिसका बसला!" मला काही दिसलं नव्हतं. तरी ओरडलो. पोलिसांना तेच सांगितलं. बनुबाई, तुम्ही दवाखान्याच्या जिन्यात माझा हात धरून विचारलंत, "आवं वस्ताद, माझ्या लेकराला काय झालं?" तेव्हा तुम्हालाही तेच सांगितलं. तुम्ही उलट मलाच धीर दिलात, की तुमी तरी काय करणार, नशीब आमचं. तुमचं नशीब नव्हतं ते. दोर धरणारा गुंडा, पाटणचाच पोरगा, आईची शपथ घेऊन सांगत होता की माझ्या हातून काही झालं नाही. त्याचं कुणी ऐकलं नाही, माझं ऐकलं. पिच्चरवाल्यांनी त्याला हाकलला. नंतर कुणी त्याच्या हातात दोर दिला नाही. आता पाटणच्या स्टँडवर भजी तळतो म्हणे. उद्या सकाळच्या गाडीनं त्याच्याकडं चाललोय. ठाण्यातही जाऊन दिलेला जबाब खोटा होता म्हणून सांगणार आहे. आता सांगून त्याचे सोळा महिने परत येतील असं नाही, ते मला कळतं.

आज आमची क्षमावाणी. पर्व संपलं की आम्ही दारोदार जाऊन एकमेकांना 'उत्तम क्षमा' म्हणतो, तुला माहीत आहे. लहानपणी तू माझ्याबरोबर यायचास आणि सगळ्यांना हात जोडायचास, धनगराचं पोर जैनांच्या गल्लीत. आज सकाळी मी सगळ्यांना म्हणालो, कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी. ज्यांचं मी आयुष्यात काही बिघडवलं नाही अशा पन्नास जणांना म्हणालो.

तुला तसं लिहिणार नाही. कारण 'नकळत' नव्हतं आणि 'असेल तर' पण नाही. तुझी मान गेली, हात गेले, पाय गेले. चोवीस वर्षांचा पैलवान, त्याच्या तोंडावरची माशी पूजानं उठवायची. ह्याला क्षमा कसली मागायची? मागितली तर तू देशील, हे मला माहीत आहे, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. देऊ नकोस. बनुबाई, तुम्हीही देऊ नका.

बस्तीतून तसाच तालमीत गेलो. पोरं निळ्या मुखवट्याचा फोटो भिंतीला चिकटवत होती. धुळा म्हणाला, "वस्ताद, आमाला वादळ्यागत पडायला शिकवा. पब्लिक लय खूश होतंय." मी म्हटलं, शिकवतो. सगळ्यांनी हौद्यात उतरा आणि मातीवर पाठ टेकून झोपा. कुणी हलेना. एकमेकांची तोंडं बघायला लागली. म्हटलं, झोपा रं, सांगतोय ना! धुळा भिंतीकडं बोट करून म्हणाला, "वस्ताद, पाठ कशी लावायची? तुमीच लिव्हलंय न्हवं, मान मोडली तरी चालंल, पण..." पुढचं गळालंय. पण त्या सगळ्यांना पुढचं येतं. तेरा पोरं आहेत बिरा. तेराच्या तेरांना येतं.

ओरडून बघितलं, शिव्या देऊन बघितलं. एकानं पाठ टेकली नाही. अशी घट्ट शिकवण आहे माझी.

मग मी सदरा काढला, मातीला हात लावला, हौद्याच्या मधोमध गेलो आणि उताणा झोपलो. दोन्ही खांदे, पूर्ण पाठ. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. माती गार होती. वरचं कौल फुटलंय ते मला आज दिसलं, आजवर ह्या हौद्यातून वर बघायची वेळच आली नव्हती. धुळा रडायला लागला, म्हणाला, "उठा वस्ताद, कसं दिसतंय हे." मला उठता येईना. गुडघा धरला होता. चौघांनी उचलून बसवलं. तू सोळा महिने असा पडून आहेस, आणि मला तेवढ्यात पाठीत कळ आली.

पूजा, वाचून झालं की त्याला कुशीवर वळव. पाठीला हवा लागू दे.

बिरा, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. न्हाई रं लेका. तुझी पाठ लागली न्हाई. शेवटपर्यंत न्हाई.

माझी लागली.

धनपाल